सुतळीने बांधलेली दांडी

मी तुमसरच्या एका राइस मिलमधला जुना लोखंडी काटा बोलतोय. जरा हळूच बोलतो, लोखंड जुनं आहे.

मला कुणी घडवलं ते आठवत नाही. आठवतं ते धान. करडीकडची, मोहाडीकडची पोती, आमच्याकडचे कट्टे, माझ्या पाटावर बसायची, दांडी सरळ झाली की काटेवाला इश्वर वजन सांगायचा. त्याने माझं सांगणं कधी खोटं पाडलं नाही, याचा मला फार अभिमान.

धान मोजून झालं की माणसांनाही स्वतःचं वजन बघायची हौस येते. इश्वरची मुलगी टीना लहानपणापासून माझ्यावर चढायची. अकरावीत गेली तेव्हा जागेश्वर हमाल म्हणाला, "इश्वरभाऊ, हा कट्टा तं भरला ना जी." सगळे हसले. टीनाही हसली. पण तिच्या पायांची बोटं माझ्यावर आवळलेली होती.

मग बापाचा डबा घेऊन ती रोज लवकर येऊ लागली. कुणी नसताना चढायची, दांडीवरचा गोळा सरकवायची. तो मागे गेला, म्हणजे वजन उतरलं, की चेहरा उजळायचा. मी खरं तेच सांगत होतो आणि पोर वाळत होती.

घरी उपवासावर उपवास. पोरगी देवाधर्माची निघाली, असं आई सुलोचनाबाई कौतुकाने सांगायची. इश्वरलाही बरं वाटायचं. एकदा मात्र ती थंडी वाजते म्हणून भर उन्हात स्वेटर घालून आली आणि माझ्यावरून उतरताना तोल गेला. इश्वरने तिला उचलून घेतलं. जन्मभर पोती हाताळलेला माणूस. हातातला भार कळला आणि तो पांढरा पडला.

वय आहे, जाईल, असं शेजारी म्हणाले. इश्वर थांबला नाही. त्याच आठवड्यात तिला भंडाऱ्याला घेऊन गेला.

परत आल्यावर त्याने जागेश्वरला माझ्याजवळ बसवून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा हट्ट नाही, आजार आहे, मनाचा आणि शरीराचाही. सुरुवातीलाच आणलंत, आता बरं होणं सोपं जाईल. जेवण हेच औषध, घरच्यांनी सोबत बसून. रागवायचं नाही आणि जेवण सोडूही द्यायचं नाही. वजन फक्त दवाखान्यात, तेही तिला आकडा न दाखवता.

जागेश्वरने विचारलं, "माह्यामुळं झालं का गा?"

"एका बोलण्यानं होत नाही म्हणे. पण आता कोणाले कट्टा म्हणू नको."

दुसऱ्या सकाळी टीना आली तर माझी दांडी सुतळीने बांधलेली.

"बाबा, सोडा नं."

"धान आलं का सोडीन. तुह्यासाठी नाही."

"मी जाडी झाली तं?"

"तं माही पोरगी जाडी होईन. बस, जेवू."

ती रडली. मग अर्धी पोळी खाल्ली. अजूनही एखाद्या दिवशी घास तोंडातच फिरत राहतो. इश्वर शेजारच्या पोत्यावर बसून वाट पाहतो. भंडाऱ्याच्या फेऱ्या चालू आहेत. ती बरी होणार, मला शंका नाही.

तुमच्या घरी कुणी ताट मागे सारत असेल, तर हाडं दिसायची वाट पाहू नका. डॉक्टरकडे न्या.

काल टीना माझ्या पाटावर बसून वरण-भात खात होती. जागेश्वरच्या कसल्याशा बोलण्यावर हसली आणि पुन्हा भात घेतला. सुतळीला आधीपेक्षा जास्त ताण बसला. मला कळलं.

जन्मभर वजन सांगत आलो. हे नाही सांगितलं.