पेशींच्या दारातले हिरवे कंदील

माझ्या नातीच्या प्रयोगशाळेत एक कुपी आहे. इतकुशी, की मुंगी शिंकली तर उडून जाईल. तिच्यात असंख्य अँटीबॉडी, सगळ्या एकाच साच्यातल्या, आणि प्रत्येकीला हिरवा चमकणारा रंग जोडलेला. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, दारावरच्या कड्याच म्हणा ना. आपली ठरलेली कडी सापडली की अँटीबॉडी तिला गच्च धरते, आणि पेशीच्या दारात हिरवा कंदील लागतो. दुसऱ्या कडीकडे ती ढुंकूनही बघत नाही. आमच्या घराण्यात इतकी एकनिष्ठ मी एकटीच.

त्या दिवशी आम्हाला बाजारात जायचं होतं, म्हणून काम आटपेपर्यंत नातीने मला प्रयोगशाळेच्या उघड्या दाराबाहेर खुर्चीत बसवलं. "आजी, कशाला हात लावू नकोस हं." तिचं म्हणणं होतं, तिने वाढवलेल्या पेशींवर तो रिसेप्टर आहे. आज ते प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना दिसलं नाही, तर तिचं काम दुसऱ्याला जाणार होतं.

अँटीबॉडी घातलेल्या पेशी हिरवा उजेड मोजणाऱ्या यंत्रातून गेल्या. पडद्यावर हिरवं काही नाही.

"कुपी उजेडात राहिली असेल. रंग विटला," लांबू म्हणाला. हा तिचा जोडीदार, इतका उंच की छताची जळमटं फुंकरीने काढतो.

"याच कुपीने सकाळी दुसऱ्या पेशी लख्ख दिसल्यात. तू या बशीतून सोडवल्यास कशा?"

"एकदम स्वच्छ. एन्झाइम घातलं आणि चहा घेऊन आलो."

"एक कप?"

"गप्पा रंगल्या गं. दोन झाले."

नात उरलेल्या बशा मोजायला धावली. पेशी बशीच्या तळाला चिकटून वाढतात. त्या सोडवायला हे एन्झाइम घालतात, पण जास्त वेळ राहिलं तर ते अंगावरचे रिसेप्टरही कापून टाकतं. कड्याच गेल्या, तर अँटीबॉडी धरणार काय, कपाळ?

"दाढी करून दिलीस रे तू त्यांची," नात म्हणाली.

एकच बशी उरली होती. या वेळी तिने एन्झाइमला हात लावला नाही. सौम्य द्रावण घालून पेशी हळूहळू सुट्या केल्या, अँटीबॉडी घातली, नळी बर्फात ठेवून अंधारात झाकली. दुसऱ्या नळीत तोच रंग लावलेली, पण इथल्या कुठल्याच कडीला न ओळखणारी अँटीबॉडी. उगाच कुठेही चिकटून हिरवं दिसत नाही ना, याची खात्री.

मोठ्या बाई आल्या. त्या खाकरल्या तरी भिंगांना तडे जातात, मी पाहिलंय. पडद्यावरच्या आलेखात जितकं हिरवं जास्त, तितका उंचवटा उजवीकडे; त्या दुसऱ्या नळीचा डावीकडेच बसून राहिला. पहिल्या नळीचा मात्र सरकत सरकत पार उजवीकडे गेला.

बाईंनी दोन्ही पुन्हा पाहिले. "रिसेप्टर आहे खरा. काम तुझ्याकडेच राहू दे. पेशी मात्र तूच सोडवायच्या."

लांबूचे कान लाल झाले.

बाहेर पडताना नातीने माझा हात धरला. बर्फात काम करून तिची बोटं गारठली होती. तेव्हापासून माझा उजवा हात गार आहे. खोटं वाटत असेल तर लावून बघा.