खालच्या रांगेतली टाइल

आमच्या बाथरूमची भिंत म्हणजे आमच्या मिस्त्रींचं, माझ्या नवऱ्याचं, दुकान. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला तिथे नेणार, टाइलवरून हात फिरवायला लावणार, मग कामाचं बोलणार. म्हणून या भिंतीला तडा चालत नाही. माझं डोकं आपटून तडा पाडायचा त्यांनी आणि टाइल बदलायचं लोढणं माझ्या गळ्यात, असा आमच्या घरचा शिरस्ता. काम शिकवलं मात्र नीट. आधी चारी बाजूंचे सांधे खरवडायचे, मग टाइल मधोमध फोडायची आणि कडेकडे यायचं. कडेलाच छिन्नी लावली की शेजारची गेलीच म्हणून समजा.

आज मी भाजी घेऊन घरी आले, तर मिस्त्री कधी नव्हे ते स्वतः सिमेंट कालवत बसले होते.

"पोरगी घसरली," मान वर न करता ते म्हणाले. "दुपारी माणसं यायचीत. तेवढी एक टाइल बदलून टाक."

तडा नेहमीपेक्षा खालच्या रांगेत होता, माझ्या कमरेच्या उंचीला. त्यात बारीक केस अडकले होते. स्वयंपाकघरात पोरगी डोक्याला ओलं फडकं धरून बसली होती.

"बाबांनी?" मी विचारलं. तिने मान डोलावली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी छिन्नी-हातोडी घेतली आणि छिन्नी कडेलाच लावली. शेजारची फुटली. तिच्या शेजारचीही फोडली.

"अगं ए, डोकं फिरलंय का तुझं?" नवरा धावत आला. केस धरून त्याने माझं तोंड भिंतीवर आपटलं. ओठ फाटला. पुन्हा आपटायला जोर मिळावा म्हणून त्याने उजवा पंजा भिंतीला टेकला. त्या पंजावर मी हातोडी घातली. हाड टाइलसारखंच वाजलं. तो गुडघ्यांवर कोसळला.

"पोरीवर हात टाकतोस? मेल्या, पोरीवर?" मी खांद्यात घातली, पाठीत घातली. खरं सांगते, थांबावंसं वाटत नव्हतं. तो विव्हळत आडवा झाला, तेव्हा कुठे थांबले.

वळले, तर पोरगी दारात उभी.

"चल, मावशीकडे जाऊ," म्हणत मी तिला उचलायला वाकले. तिने डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

मी हातोडी खाली ठेवली.

"अगं, मी आहे. आई."

तिने हात काढले नाहीत.