सातव्या प्रश्नाचं उत्तर

तीस वर्षं मी सांगलीच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवला आणि स्वतः बेळगावच्या पुढे फारसा गेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी फजिती झाली की तुम्हाला नवल वाटायला नको.

समीक्षा माझी पीएच.डी.ची शेवटची विद्यार्थिनी. आटपाडीकडच्या कोरड्या माळावरची, मेंढपाळ घरातली. विषय गलाईवाल्यांचा परदेशातला व्यवसाय. गलाई म्हणजे सोनाराच्या दुकानातली धूळ, जुने दागिने भट्टीत घालून त्यातून शुद्ध सोनं वेगळं काढायचं. या एका कसबावर तिच्या भागातली माणसं काठमांडू, कोलंबो, दुबई, मस्कत, कुठे कुठे जाऊन बसली आहेत. नवउद्योजकतेवरची एक नामांकित परदेशी प्रश्नावली मी तिला दिली. तिनं ती मराठीत करून सगळ्यांना मोबाईलवर पाठवली. सेहेचाळीस जणांनी भरून दिली आणि सेहेचाळीसच्या सेहेचाळीस बाद झाल्या.

कारण प्रश्न क्रमांक सात. ‘हा व्यवसाय कोणी सुरू केला?’ नियम असा, की इथे स्वतःचं नाव नसेल तर तो माणूस उद्योजक नव्हे, त्याचा फॉर्म धरायचा नाही. आणि या पठ्ठ्यांनी एकजात दुसऱ्याचंच नाव लिहिलेलं.

“फोन लाव आणि दुरुस्त करून घे,” मी खेकसलो. प्रबंध द्यायची मुदत तीन महिन्यांवर आली होती. ती हुकली की नोंदणी रद्द, पोरीची सहा वर्षं पाण्यात.

तिनं माझ्यासमोरच मस्कतच्या हंबीररावांना स्पीकरवर फोन लावला.

“काका, सातव्या प्रश्नात ज्योतिबाकाकांचं नाव घातलंय तुमी. दुकान तर तुमचं हाय न्हवं?”

“माझंच हाय की.”

“मग सुरू कुणी केलं?”

“ज्योतिबानं.”

“आवं काका, जागा तुमी बघितली, भट्टी तुमी पेटवली...”

“पर भट्टीवर पयल्यांदा बसवलं कुणी मला? त्यानंच. दसऱ्याला नारळ त्याच्या नावानं फोडायचा आन् कागदावर नाव माझं लिवायचं? जीभ झडंल गं माझी.”

समीक्षानं फोन ठेवला. “सर, अजून पंचेचाळीस लावू?”

खोच मला बरोबर लागली. “मग फेकून दे ते फॉर्म आणि बेदाण्यावर काहीतरी कर,” मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो होतो, लक्षात ठेवा.

तिनं ते फेकले नाहीत. आठवड्यानं ती टेबलाएवढा कागद घेऊन आली. ज्यानं ज्याचं नाव लिहिलं, त्याच्याकडे एक बाण. हंबीररावाकडून ज्योतिबाकडे, कोलंबोतून दुबईकडे, दुबईतून काठमांडूकडे. सगळे बाण फिरत फिरत एकाच नावाशी येऊन थांबत होते. बयाबाई. बाई आता गावीच असतात, म्हणाली. माझा विश्वास बसेना, म्हणून आम्ही दोघं गेलो.

सत्तरी उलटलेली बाई गोठ्यापुढे करडाला पाला चारत होती. आमची विचारपूस करून, चहा पाजून मग बोलायला लागली. “आमचं मालक काठमांडूत भट्टी चालवायचं. गावाकडनं पोरं यायची. वरीसभर जेवू घालायचं, काम शिकवायचं. मग मी म्हनायची, ऊठ आता. जिथं आपलं कोन न्हाई तितं जाऊन बस. आन् दोन वर्सांत दुसऱ्या एकाला बसीव, न्हाईतर माझ्या दारात यिऊ नगंस.”

“पण जवळपास का नाही बसू दिलंत? एकमेकांना सोबत झाली असती.”

“आवं सर, एका शिवारात दोन कळप उतरवतं व्हय कुनी? गवत पुरंल का?”

मी लिहायचं विसरलो. नवी बाजारपेठ कशी निवडावी यावर मी जाडजूड पुस्तकं शिकवली होती. त्या सगळ्यांत मिळून इतकं स्वच्छ उत्तर नव्हतं. परतताना गाडीत समीक्षाला म्हणालो, “माझं चुकलं. दुरुस्त करायचाच तर तो प्रश्न करायला हवा.” विद्यार्थ्याला असं म्हणायची तीस वर्षांत पहिलीच वेळ, आणि खरं सांगतो, वाईट नाही वाटलं.

प्रबंध मुदतीत गेला. मौखिक परीक्षेला साताऱ्याहून परीक्षक म्हणून क्षमा मॅडम आल्या. त्यांच्यापुढे भलेभले ततपप करतात. मागच्या रांगेत बयाबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. समीक्षानं ठासून मांडणी केली : हा व्यवसाय एकेकट्या माणसानं उभा केला नाही, एकानं दुसऱ्याला बसवत तो देशोदेशी गेला, आणि ही साखळी बयाबाईंनी सुरू केली.

“तुम्ही त्याच गावच्या,” मॅडम म्हणाल्या. “गावची बाई मोठी करायची म्हणून शेवटचा बाण तिथे थांबवला नाही, कशावरून?”

समीक्षानं बाणांचा कागद उलगडला. मग मॅडम मागे वळल्या. “आजी, हा धंदा कुणी सुरू केला?”

बयाबाई उठून उभ्या राहिल्या. “मायानं.”

हे नाव साऱ्या प्रबंधात कुठेच नव्हतं. समीक्षाचा चेहरा खर्रकन उतरला.

“कोण माया?”

“तितली नेपाळी बाई. आमी उतरलाव तवा धुरापायी कुनी जागा दीना. तिची भाषा आमाला कळंना, आमची तिला. तिनं आपल्या घरामागचं परडं हातानं दावलं, हितं बसा म्हनून. दर दसऱ्याला तिच्या नावाचा नारळ फोडती मी.” मग समीक्षाकडे बघून म्हणाल्या, “तू मला पोरं कुनी बसवली त्येवढंच इचारलंस गं. मला कुनी बसवलं, ते कुठं इचारलंस?”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“समीक्षा, तुमचा शेवटचा बाण चुकला,” त्या म्हणाल्या. “पण तुमचं म्हणणं खरं ठरलं, तेही तुमच्याच विरुद्ध साक्ष होऊन. मोठेपणा घ्यायचा असता तर आजी गप्प बसल्या असत्या. एक बाण वाढवा, सीमेपलीकडे, आणि पदवी घ्या.”

टाळ्या वाजल्या. मी चारचौघांत डोळे पुसले आणि त्याची मला लाज वाटली नाही.

पुढे समीक्षानं कराडशेजारी मलकापूरला छोट्या कारागिरांना परदेशी बाजार शोधून देणारं स्वतःचं केंद्र काढलं. तिथे दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिथे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या घरी अर्धा नारळ आला. मी समीक्षाला फोन केला.

“अगं, मी तर ते फॉर्म फेकून दे म्हणालो होतो.”

“म्हनला व्हता की. पर बसवलं तुमीच न्हवं?” ती हसली. मग नीट मराठीत म्हणाली, “आणि सर, परवा मलाच एक प्रश्नावली आली. नवउद्योजकांची, तीच. सातव्या प्रश्नात तुमचं नाव लिहिलंय. दुरुस्त करायला सांगू नका.”

मी सांगितलं नाही.