हौसाचं कारण

मोरवड्यात माणूस कशानं मेलं हे ठरल्याशिवाय मढं उचलत नसे. कुणी अडवत असे असं नाही. उचलायलाच येत नसे. गावचे सगळे गडी लावले तरी तिरडी जमिनीला चिकटलेली. मग पाटलांनी चावडीवर बसून कारण बोलायचं. ते अंगावर उमटायचं. घरच्यांनी, आणि बाई असली तर माहेरच्यांनी एकदा आणि सासरच्यांनी एकदा, ‘बरं’ म्हटलं की मढं कापसागत हलकं व्हायचं आणि मंडळी दूधगंगेकडे चालू लागायची.

कारणं पाच होती: ताप, पटकी, देवी, साप आणि विहीर. राणी सरकारच्या मामलेदाराला एवढीच पसंत होती, आणि गावाला ती पुरतही होती. बाळंतपण त्यात नव्हतं. तो कामाचा भाग होता. भूकही नव्हती; भुकेचं नाव काढलं की धान्य कुणी नेलं तेही निघतं. मागच्या साली बाभळीवरून पडून मेलेल्या एका म्हाताऱ्याला पाटील घाईत ‘देवी’ म्हणाले. त्याची मोडलेली मान तिथल्या तिथं सरळ झाली आणि तोंडभर फोड आले. घरचे जरा हिरमुसले, पण ‘बरं’ म्हणाले.

हौसा सकाळपासून चावडीपुढं तिरडीवर होती. तिची आई बायजाक्का नदीपलीकडून आली होती. लेकीला शेवटची आंघोळ तिनंच घातली, आणि तेव्हा तिला हौसाच्या बेंबीखाली पाऊल दिसलं. पुरुषाचं, उजवं, टाचेसकट, ओल्या मातीत उठावं तसं. तिनं लुगडं सारखं केलं आणि येऊन सटवाजी पाटलांसमोर उभी राहिली.

“ताप,” पाटील तंबाखू मळता मळता म्हणाले.

हौसाचं अंग तापलं. ओल्या लुगड्यातून वाफा निघाल्या.

“बरं,” हौसाची सासू तानाक्का लगेच म्हणाली.

बायजाक्कानं लुगड्याची कड उचलून पाहिलं. पाऊल होतं, पण फिकटलं होतं.

“ताप न्हवं, पाटील. लाथ.”

“कसली लाथ?”

“ह्याची.” तिनं जावयाकडं, नरसूकडं बोट केलं.

“मी काय जीव घ्यायला घातली व्हय?” नरसू म्हणाला. “भाकरी करपली हुती.”

पुरुषांनी माना हलवल्या. भाकरी करपणं वाईटच.

“आमी काय लाथा खाल्ल्या न्हाईत?” तानाक्का कडाडली. “मेलो का आमी? काडीवानी पोरगी आमच्या गळ्यात बांधलीस, आन् वर तोंड करून बोलतीस?”

“तुमी मेला न्हाईसा, विहीणबाई, त्येला मी काय करू?”

भिंतीकडेला डोईवर पदर घेऊन बसलेल्या बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. पाटलांनी तिकडं पाहिलं तेव्हा सगळ्या बायका सारख्याच दिसत होत्या.

“साप,” पाटील म्हणाले. हौसाच्या घोट्यावर दोन टोचे उठले आणि पाय निळा पडला.

“बरं,” तानाक्का.

बायजाक्कानं पुन्हा कड उचलली. पाऊल आता टाचेपुरतंच उरलं होतं.

“पटकी.” हौसाचे डोळे खोल गेले, गाल बसले. टाचेची नुसती कड उरली. अजून एक कारण, आणि हौसाला कुणी कधी हातही लावला नाही असं होणार होतं. बायजाक्कानं त्या कडेवर तळवा दाबून धरला, वाऱ्यात दिव्यावर धरावा तसा.

“बायजाक्का, हट्ट सोड,” पाटील मवाळपणे म्हणाले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. गावात त्यांच्याइतकं समजावून सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. “पोर तर गेली. विहीर म्हणतो. विहीर बरी दिसती. थंड आसती. कुणाच्या अंगावर येत न्हाई.”

“माज्या अंगावर येती.”

“आगं, लाथ हे कारणच न्हवं! ती घरातली गोष्ट हाय.”

“हौसाबी घरातच मेली की.”

लोक कंटाळले होते. बैल दावणीला ओरडत होते. पाटलांचा आवाज चढला.

“कारण आसतं तर उमटलं आसतं का न्हाई? मामलेदारानं दिलेली पाच सोडून काय उमटतच न्हाई. म्हणून दावतो. समद्यांनी बघा, म्हंजे हिची एकदा खात्री पटंल.” त्यांनी तंबाखू थुंकली, मांडी सावरली आणि मोठ्यांदा म्हणाले, “लाथ!”

हौसाचे गाल भरून आले. घोट्यावरचे टोचे मिटले. बायजाक्काच्या तळव्याखाली काहीतरी वर आलं. तिनं हात काढला. पाऊल काळंनिळं, पुरतं उमटलं होतं.

“बरं,” बायजाक्का म्हणाली.

आता सासरचं ‘बरं’ राहिलं होतं. नरसू आईकडं बघत होता. तानाक्कानं पदराआड हात घातला होता आणि ती स्वतःचं पोट चाचपत होती. मग तिनं कूस चाचपली. मग मान वळवून पाठ.

“आये, बोलू नगंस,” नरसू म्हणाला.

“बरं,” तानाक्का म्हणाली आणि मटकन खाली बसली.

तिरडी वाऱ्यानं हलली. बायजाक्कानं एका हातानं तिचा बांबू धरला नसता तर ती रस्त्यावर गेली असती.

पाटील हौसाचं नाव घेऊन बोलले नव्हते. नुसतंच ‘लाथ’ म्हणाले होते. भिंतीकडेला एकीनं पोटाला हात लावला, मग दुसरीनं. “बरं,” पहिली म्हणाली. “बरं,” दुसरी म्हणाली. त्या वाद घालत नव्हत्या. बाजारात भाव पटावा तशा म्हणत होत्या.

“उठ गं, चूल पेटवायची हाय,” एका नवऱ्यानं बायकोचा दंड धरला. ती उठली नाही. दुसऱ्यानं बायकोला काखेत हात घालून ओढलं. तिच्याखालची फरशी तडकली, ती हलली नाही. “सासरचं ‘बरं’ म्हणा की,” ती त्याला म्हणाली. “मग उचलाल.”

“म्हणायचं न्हाई!” पाटील ओरडले. “कुणी म्हणायचं न्हाई! ताप! ताप! देवी!”

कुणाचंच अंग तापलं नाही. गड्यांनी दोर आणले, बैल आणले. बैलांनी गुडघे टेकले. हौसाला खांदा द्यायला एकही पुरुष मोकळा नव्हता.

आळीआळीतून बायका येतच होत्या. पाटलीणबाई पिठाच्या हातानं पोट धरून आल्या, पाटलांच्या अगदी समोर बसल्या, आणि ते काय म्हणतात याची वाट बघू लागल्या.