चार बोटांची फट

मी मीराबाई पालवांच्या दाराची साखळी बोलतेय. आता मी अखंड राहिलेली नाही. तीन कड्या दारावरच्या पट्टीत अडकून बसल्यात, बाकीच्या चौकटीवर लोंबतायत. ज्यांनी मला कापलं त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी जरा लवकर कापायला हवं होतं, एवढंच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते लोहार चाळीच्या बाजारातलं दुकान. तिथे मीराबाईंच्या मुलाने, विनीतने, मला तळहातावर घेतलं आणि दोन्ही टोकं धरून हिसका दिला. दुकानदार म्हणाला, दार तुटेल, पण ही तुटणार नाही. विनीतला तेच हवं होतं.

त्याचं कारण होतं. लालबागच्या ज्या चाळीत मीराबाईंनी चाळीस वर्षं काढली, ती पाडून तिथे तेवीस मजली टॉवर उभा राहिला होता. चाळीत दार उघडायचं ते सकाळी आणि लावायचं ते झोपताना. टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर घर मिळालं आणि दारं दिवसाही बंद राहू लागली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा डोंबिवलीला. मीराबाई एकट्याच राहायच्या. त्यात नवव्या मजल्यावर भरदुपारी चोरी झाली. बाबुराव नाईकांचं कुटुंब गावी गेलं होतं, चोरांनी कुलूप कापून कपाट रिकामं केलं. सोसायटीची मीटिंग भरली. गावी जाताना शेजाऱ्यांना सांगून जा, चपलांच्या कपाटात चावी ठेवू नका, प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका, अनोळखी माणसाला घरात घेऊ नका, असं सगळं ठरलं. पुढच्याच रविवारी विनीत ड्रिल घेऊन आला.

त्याने मला लांब स्क्रूंनी पक्की बसवली आणि आईकडून सराव करून घेतला. बेल वाजली की मला लावूनच दार उघडायचं. चार बोटांची फट पडते, तिच्यातून विचारायचं, माणूस ओळखीचा निघाला तर दार लावून मला काढायचं आणि मग उघडायचं. मीराबाई हसत होत्या, घरात न्यायला आहेच काय म्हणून.

"माज्या घरात चोर येऊन काय व्हरतलो? माजे गुडघे?"

विनीत हसला नाही. आणि महिन्याभरात त्याचंच खरं झालं. दुपारी दोघे जण आले, गॅसची पाइपलाइन तपासायची आहे म्हणाले. मीराबाईंनी फटीतून कार्ड मागितलं. एकाने दारावर हात ठेवून दाबलं. मी ताठ झाले. दार हललं नाही. मीराबाईंनी शेजारच्या रंजिताला मोठ्याने हाक मारली, तसे दोघेही जिन्याने खाली पळाले. वॉचमनच्या वहीत त्यांची नोंदच नव्हती. त्या दिवशी सगळा मजला मला बघायला आला. माझ्या आयुष्यातला तेवढा एकच दिवस मानाचा.

मीराबाई मात्र त्या दिवशी घाबरल्या त्या घाबरल्याच. मग मी दिवसभर लावलेलीच राहू लागले. रंजिता केईएम हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये काम करते. ती पूर्वी कढीपत्ता मागायला म्हणून यायची आणि अर्धा तास बसायची. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण घेऊन आली तर वाटी फटीतून आत जायची नाही. दर खेपेला दारात उभं राहून मला काढायचं, लावायचं, यात मीराबाईंचे गुडघे दुखायचे. मग रंजिता डबा पिशवीत घालून कडीला अडकवू लागली आणि बेल वाजवून निघून जाऊ लागली. मीराबाईंच्या लॅचची एक चावी तिच्याकडे होती. एकदा तिने सांगूनही पाहिलं की मावशी, साखळी लावलीत तर ही चावी काय कामाची? मीराबाई हो म्हणाल्या आणि दार लागल्यावर मला पुन्हा लावलं. रोज संध्याकाळी विनीतचा फोन यायचा. त्याचा पहिला प्रश्न, जेवलीस का, हा नसायचा. साखळी लावलीस का, हा असायचा.

तो दिवस मंगळवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला बाथरूममधून बाहेर येताना मीराबाई घसरल्या. आवाज झाला तसं मला कळलं, पण मी कुणाला सांगणार? त्यांनी आधी विनीतला हाक मारली, तो इथे नाही हे माहीत असून. मग रंजिताला. ती कामावर गेली होती. समोरचं दार बंद होतं आणि आत टीव्ही चालू होता.

मोबाइल खाटेवर चार्जिंगला होता. तिथवर चढणं शक्य नव्हतं. म्हणून त्या कोपरांवर रेटा देत दाराकडे आल्या. एवढ्याशा घरात त्यांना तासभर लागला. भिंतीला पाठ लावून त्यांनी माझ्याकडे हात वर केला. मी त्यांच्या बोटांपासून हातभर वर होते. मला खाली वाकता आलं असतं तर! त्यांनी तीनदा हात वर केला. चौथ्यांदा केला नाही. मग त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

फोन वाजत होता. त्या दिवशी विनीत कशासाठी तरी दुपारीच फोन करत होता. आई उचलत नाही म्हणून विनीतने शेवटी रंजिताला गाठलं. ती तीन वाजता धावत आली, चावी फिरवली आणि दार ढकललं. चार बोटं उघडलं. पुढे मी होते.

मला बाहेरून काढता येत नाही. काढायचं तर आधी दार मिटावं लागतं आणि दार मिटलं की बाहेरच्याचा हात आत राहत नाही. चोरासाठी केलेली ही युक्ती आहे. ती रंजिताला ओळखत नाही.

"मावशी, मी आहे."

"साखळेक हात पोचणा नाय गो माजो."

रंजिताचे हात बारीक. तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि मीराबाईंची बोटं धरली. वरच्या मजल्यावरचा स्वप्नील आणि वॉचमन यांनी दाराला खांदे दिले. स्क्रू हलेनात. मग स्वप्नीलने घरातून लोखंड कापायची करवत आणली आणि फटीतून पातं माझ्यावर धरलं. मला तुटायचं होतं. जन्मात पहिल्यांदाच तुटायचं होतं आणि ते माझ्या हातात नव्हतं. दोन पाती मोडली. वीस-पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ रंजिता दाराला गाल टेकून बसली होती. हात तिने सोडला नाही.

मीराबाई जगल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, त्यांना डोंबिवलीला नेलं. त्या आता वॉकर धरून चालतात, पण लालबागला यायचं नाव काढलं की विषय बदलतात, असं विनीत रंजिताला सांगत होता. आईचे कपडे न्यायला आला होता तो. माझ्या लोंबत्या कड्या त्याने मुठीत धरल्या.

"मीच बसवली होती," तो म्हणाला.

रंजिताने लुगड्यांची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

आता घर भाड्याने जायचंय. काल प्राची नावाची मुलगी एजंटबरोबर आली होती. एकटीच राहणार आहे. माझे तुकडे बघून तिने विचारलं, इथे चोरी झाली होती का? एजंट म्हणाला, छे, या घरात कधीच चोर आलेला नाही. तो खोटं बोलला नाही. तिने मोबाइलमध्ये लिहून घेतलं: नवीन साखळी.

घे बाई, जरूर घे. पण शेजारचं दार वाजवून रंजिताला तुझं नाव तेवढं सांग. आणि ती वाटी घेऊन आली, तर साखळी काढ. गुडघे दुखत असले तरी काढ.