डबा घेऊन जाणारा माणूस

दहाव्याला बायका जात नाहीत, असं दशरथकाकांनी मला बजावलं. मी म्हटलं, बाप माझा गेलाय काका, मी येणार. आणि गेलेच जुहूला.

जुहूचे कावळे म्हणजे भेळ खाऊन माजलेले. बाबांचा पिंड वाळूत ठेवला, पण एक जवळ येईल तर शपथ! माडावर बसून नुसते बघत होते. कावळा शिवला नाही की समजायचं, गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलीय. मग घरचे हात जोडून एकेक कबूल करत सुटतात. काका म्हणाले, "धोंडूदादा, वहिनीला अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. मी म्हटलं, "बाबा, मी नवऱ्याशी भांडणार नाही." यावर माझाच विश्वास बसला नाही, कावळ्याचा काय बसणार?

शेवटी सगळे माझ्या धाकट्या भावाकडे बघायला लागले. हा चंद्रप्रकाश, आमच्या घरातला कादंबरीकार. कित्येक वर्षं एकच कादंबरी लिहितोय. तिच्यात एक गिरणी कामगार आहे. संप लांबतो, तसा तो घरी सांगतो की दुसरीकडे काम मिळालं. रोज सकाळी भरलेला डबा घेऊन निघतो, संध्याकाळी रिकामा घेऊन येतो. पगाराचं विचारलं की म्हणतो, मिळेल. तो दिवसभर असतो कुठे, हे काही चंदूला लिहिता येत नव्हतं. आता हा माणूस कोण, ते आमच्या वाकोल्याच्या चाळीतलं शेंबडं पोरही सांगेल. ब्याऐंशीच्या संपात आमचे बाबा असेच जायचे.

आणि गंमत बघा. दर रविवारी चंदू बाबांना नवीन पानं वाचून दाखवायचा. बाबा मान डोलवायचे आणि विचारायचे, "बरा लिवलंस. पण तो जाता खंय?" जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय! मी चंदूला म्हणायची, अरे गधड्या, तुझा हिरो समोर बसलाय, त्यालाच विचार ना! तर म्हणे, "ताई, विचारलं तर त्यांना लाज वाटेल." जळ्ळं मेलं तुझं लेखकपण, म्हटलं मी. आणि विचारायचं राहून गेलं ते गेलंच.

"त्यांना पुढचं ऐकायचंय," मी त्याला कोपराने ढोसलं. "सांग."

चंदूने हात जोडले. "बाबा, तो युनियनच्या ऑफिसात जायचा. मोर्चे काढायचा." कावळा हलला नाही. "बाबा, तो काम शोधत अंधेरीपर्यंत पायी फिरायचा." एक कावळा उडाला, तो थेट भेळवाल्याकडे. मला हसावं की रडावं कळेना. भटजींना पुढे दुसरं काम होतं. ते म्हणाले, "ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून शिवतो, शास्त्राला चालतं."

"नाही!" चंदू असा ओरडला की काका दचकले. "खोटा नको." मग तो वाळूत मटकन बसला आणि पोरासारखा रडायला लागला. "बाबा, मला नाही हो माहीत तुम्ही कुठे जायचात. मी विचारायला घाबरलो. आता सगळ्यांना विचारतो. शोधून काढतो."

कावळा आला. त्याला भूक लागली असेल म्हणा, मी शपथेवर काही सांगत नाही. पण आला, शितं उचलली आणि गेला. मलाही रडू आवरलं नाही.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "कबूल तर केलंस. सुरुवात कुणापासून करणार?" तो गिरणीतल्या जुन्या सोबत्यांची नावं घ्यायला लागला. कोण लालबागला, कोण गावी गेलेला. घरी पोचेपर्यंत त्याचं तेच चाललं होतं.

आई दारातच उभी होती. "कावळो शिवलो?"

"शिवला गं," मी म्हटलं. "पण चंदूने कबूल केलंय. बाबा डबा घेऊन कुठे जायचे, ते शोधणार म्हणतो."

आईने आम्हा दोघांकडे खुळ्यांकडे बघावं तसं बघितलं.

"त्येच्यात शोधूचा काय? कुर्ल्याक जात. स्टेशनार बाकड्यार बसान ऱ्हवत. मी एक दिवस पाठोपाठ गेलंय आणि बघून इलंय."

तिला विचारायचं आमच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. चंदू म्हणाला, "आई, तुला माहीत होतं? मग त्यांना बोलली का नाहीस?"

"तेंका वाटत होता, माका ठावक नाय," आई म्हणाली. "म्हणान रोज डबो भरून देत रवलंय."