दिवस मावळायच्या आत

आमच्या चंदनाची विजेची गाडी पंचवीसच्या पुढं पळत नव्हती, म्हणून तिला नंबर न्हाई, लायसन न्हाई. पण सांगलीतनं दुकानातलं काम सुटून गावात पोचेस्तोवर दिवस मावळायचा. आमी जैन. अंधार पडल्यावर आमच्यात जेवत न्हाईत. संध्याकाळचा डबा ने म्हटलं, तर बापाला पोरगी घरच्या ताटावर पायजे. मग रोज उपाशी झोपायची.

मग आमच्या मालकांनी, म्हंजी चंदनाच्या बापानं, मिस्त्रीकडं जाऊन गाडीतली वेग आवरणारी वायर तोडून घेतली. गाडी पन्नासनं पळाया लागली. पोरगी उजेडात जेवाया लागली आन हे गल्लीभर अक्कल मिरवत हिंडले.

काल घरी येताना चंदनाच्या त्या गाडीनं गल्लीतल्या बनुबाईला उडवलं. म्हातारी जागीच गेली.

ठाण्यात फौजदार ह्यांना म्हणाला, "जवाहरराव, पंचवीसच्या आत असती तर कायद्यानं ही सायकलीतच धरली असती. वायर तोडली तवाच ती मोटारगाडी झाली. आता नंबर न्हाई, विमा न्हाई, पोरीला लायसन न्हाई. कशापायी तोडली?"

"सायेब, पोरीनं दिवसा जेवावं म्हणून. रात्री ताटात किडामुंगी पडली तर दिसत न्हाई. उगं मुका जीव जातो."

बाकावर बनुबाईचा ल्योक मानसिंग बसला होता. पलटणीतनं सुट्टीवर आलेला. त्यानं मान वर केली.

"काल तर उजेड होता, काका," तो हळूच म्हणाला. "माझी आई दिसली न्हाई व्हय?"